हिरवा दिवा, उघडं दार

सकाळी सव्वासहाला प्रशिक्षक दोऱ्याने तापमापक दोरीला बांधून तलावाच्या खोल टोकाला सोडला, घड्याळाकडे बघत तो तीन मिनिटं थांबला आणि तापमापक वर ओढला. एकवीस अंश. फळ्यावरचा कालचा आकडा पुसून त्याने आजचा लिहिला. कालचाही एकवीसच होता.

तलाव पंचवीस मीटर लांब, वर पत्र्याचं छप्पर. एका टोकाला लाटा उठवायचं यंत्र, भिंतीला पावसासारखं पाणी मारणाऱ्या चार नळ्या आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा पंखा. जहाजावर नोकरी करायची असेल तर इथे पाच दिवस भिजल्याशिवाय दाखला मिळत नाही. दोऱ्या दोन वर्षं इथे प्रशिक्षक होता. त्याआधी एकोणीस वर्षं तो यॉटवर खलाशी होता. त्याने मारलेली गाठ त्याच्याशिवाय कुणाला सुटत नाही म्हणून तिथे त्याचं हे नाव पडलं. इथे त्याला ‘सर’ म्हणत.

“सर, तुम्ही अनवाणी उभे आहात त्या पाण्यात,” तलावाची साफसफाई करणारी मावशी मागून म्हणाली. “लादी बर्फ झालीय. पायांना काही वाटतं की नाही?”

त्याने खाली बघितलं. पाय घोट्यापर्यंत लादीवर साचलेल्या पाण्यात होते. “नाही वाटत,” तो म्हणाला आणि चपला घालून आला. मावशीला हे उत्तर पाठ झालं होतं. कॅन्टीनमध्ये मीठ विसरलेलं जेवण दोऱ्या मुकाट्याने संपवत असे. या माणसाच्या जिभेचा फ्यूज उडालाय, असं ती सगळ्यांना सांगत असे.

सहा वाजून पन्नास मिनिटांनी कार्यालयातून नव्या तुकडीची यादी आली. बारा जण. नवव्या क्रमांकावरचं नाव त्याने वाचलं, पुढची तीन वाचली आणि पुन्हा नवव्यावर आला. जन्मतारीख बघितली. मग यादी पाटीला चिमट्याने लावून तो वर्गात गेला.

त्याच्या जुन्या यॉटचा कप्तान दुसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसला होता. केस पार पिकले होते आणि दाढी ठेवली होती. पाठ मात्र तशीच होती, खुर्चीला न टेकणारी. दोऱ्याने हजेरी घेतली.

“नऊ.”

“हजर, सर,” कप्तान म्हणाला.

बारा वर्षं या माणसाने त्याला ‘अरे दोऱ्या’ अशीच हाक मारली होती. दोऱ्याने नवव्या चौकोनात खूण केली आणि दहावा क्रमांक पुकारला.

पहिला तास दारांचा असतो. वर्गाच्या मधोमध चौकटीसकट एक खरं लोखंडी दार उभं केलेलं आहे. चौकटीवर आगपेटीएवढी पांढरी डबी बसवलेली आणि दाराच्या पात्यात चुंबक. दार लागलं की चुंबक डबीसमोर येतं आणि सुकाणूजवळ असतो तशा दिव्यांच्या फलकावर हिरवा दिवा लागतो. उघडलं की दिवा लाल होतो आणि दर अर्ध्या मिनिटाला चिवचिवाट होतो. दोऱ्याने दार उघडून आणि लावून दाखवलं.

“आता लक्षात ठेवा,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने ऐंशीच्या वर तुकड्यांना ऐकवलं होतं. “आभाळ बदललं की दिवा बघायचा नाही. दारापाशी जायचं. हात लावायचा. खिट्टी हाताने दाबायची. परत येऊन सांगायचं, मी हात लावला. ‘बंद आहे’ असं सांगायचं नाही. ‘हात लावला’ असं सांगायचं.”

“दिवा हिरवा असेल तरी?” पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं. वीस वर्षं इस्पितळाचं कॅन्टीन चालवून त्या आता पर्यटकांच्या बोटीवर स्वयंपाकाला जाणार होत्या. प्रत्येक गोष्टीला ‘तरी’ लावायची त्यांना सवय होती.

“हिरवा असेल तरी.”

“मग दिवा लावलाय कशाला? शोभेला?”

वर्ग हसला. निवृत्त होऊन फेरीबोटीवर नोकरी शोधणारे ड्रायव्हरकाका म्हणाले, “बाई, माझ्या बसमधलं डिझेलचं मीटर नऊ वर्षं अर्ध्यावर होतं. मी टाकीत काठी घालून बघायचो.”

“तेच,” दोऱ्या म्हणाला. “काठी घालायची.”

कॅन्टीनवाल्या बाई मागे वळून कप्तानाकडे बघत होत्या. आल्यापासून त्यांचं तेच चाललं होतं. “तुम्ही तेच ना हो? पेपरात फोटो होता. ती यॉट बुडाली त्यातले. दिवा लाल असून बघितला नाही ते.”

“बघितला होता,” कप्तान म्हणाला.

“मग?”

“हिरवा होता.”

“चौकशी समिती तर लाल म्हणाली.”

“हो. समिती म्हणाली.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. बाई वरमल्या, पुढे वळल्या आणि वहीत काहीतरी लिहू लागल्या. दोऱ्याने दार लावलं. फलकावर हिरवा दिवा लागला. मग पुढचा विषय घेतला, लाइफजॅकेटच्या पट्ट्यांचा.

त्या यॉटवर सात माणसं होती. मालक, त्यांची म्हातारी आत्या, कप्तान, यंत्र बघणारा, कारभारीण, आचारी आणि दोऱ्या. उन्हाळ्यात यॉट एका खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून होती. जेवणं झाली की दोन ते चार सगळी नौका झोपायची. आचाऱ्याची खोली मागच्या टोकाला होती. तिथला पंखा पंधरा दिवस बंद पडला होता आणि सुटा भाग येईपर्यंत तसाच राहणार होता. खोलीला लागूनच, पाण्यापासून हातभर वर, पोहायला उतरण्याचं दार होतं. ते चार बोटं उघडं ठेवलं की आचाऱ्याला वारा मिळायचा. नांगर टाकलेला असताना दार उघडं ठेवायला नियमाची मनाई नव्हती. पण फलक चिवचिवायचा, आणि आत्याबाईंचा पलंग फलकाच्या मागच्या खोलीत होता.

“ती चिमणी कुणीतरी मारा रे,” असं त्या तीन दिवस ओरडल्या.

चौथ्या दिवशी आचाऱ्याने आपल्या फ्रीजवरचं एक चुंबक काढून दोऱ्याच्या हातात ठेवलं. रबराची लिंबाची चकती होती, पिवळी, मागे चांगलं जड चुंबक. “हे लाव त्या डबीला,” तो म्हणाला. “डबीला काय, कुठलंही चुंबक समोर आलं की झालं. पण मला परत दे. त्याच्याखाली माझी सामानाची यादी असते.”

लिंबू लावलं आणि चिमणी मेली. दिवा हिरवा झाला, दार उघडंच राहिलं. मग तो रोजचाच रिवाज झाला. दोन वाजता दोऱ्या दाराला दोरी मारून, लिंबू लावून वर यायचा आणि आचाऱ्याला म्हणायचा, “लिंबू लावलं.” चार वाजता दार ओढून घेऊन म्हणायचा, “लिंबू काढलं.” हे दोघांतच होतं. कप्तानाला सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. यात लपवण्यासारखंही काही वाटलं नाही. पंखा आला की सगळं थांबणारच होतं.

त्या दिवशी तीन एकेचाळीसला पश्चिमेला ढग दिसला. खालची कडा सरळ होती, पट्टी लावून आखल्यासारखी. दोऱ्या पुढच्या डेकवर सावलीचं कापड उतरवत होता. सुकाणूपासून कप्तान ओरडला, “दोऱ्या, सगळं बंद?”

कापडाच्या दोन गाठी सुटायच्या होत्या. “सगळं बंद!” दोऱ्या ओरडला.

कप्तानाने फलकाकडे बघितलं. सगळे दिवे हिरवे होते. त्याने यंत्र सुरू करायला सांगितलं आणि मालक व आत्याबाईंना लाइफजॅकेट घालून वर आणवलं. तीन सत्तेचाळीसला वारा आदळला. मधल्या सहा मिनिटांत दोऱ्याने कापड उतरवलं, घडी केली, पेटीत घातलं. पुढच्या डेकपासून त्या दारापर्यंत चाळीस पावलं होती. लिंबाची त्याला आठवण झाली ती यॉट आडवी झाल्यावर.

ती परत उठली नाही. अकरा मिनिटांत बुडाली. तराफ्यात चढल्यावर कप्तानाने डोकी मोजली. सहा. आचारी त्यांत नव्हता. पुन्हा मोजली. चौथ्यांदा मोजली तेव्हा कारभारीण त्याला म्हणाली, “साहेब, पुरे.”

दार बंद असतं तर यॉट परत उभी राहिली असती, असं अहवालाच्या एकतिसाव्या पानावर आहे.

तीन आठवड्यांनी यॉट वर काढली. आचाऱ्याच्या बहिणीला त्याचं सामान द्यायचं होतं, ते आणायला दोऱ्याला पाठवलं. दारापाशी दोरी तशीच होती, गाठ सुटली नव्हती. डबीवर लिंबू होतं. चिखलाने काळं झालेलं, पण जागचं हललेलं नाही. त्याने ते काढून खिशात घातलं. का, ते त्याला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. जागेवर काही परकं दिसलं की काढून ठेवायचं, ही खलाशाची सवय. दोन दिवसांनी तपासनीस आले. त्यांनी डबी तपासली, ती उत्तम चालत होती. दार उघडं असताना दिवा लालच असला पाहिजे, असं त्यांनी लिहिलं.

दोऱ्याच्या जबानीत एकही वाक्य खोटं नाही. दार कुणी बांधलं? मी. का? आचाऱ्याला उकडत होतं. दिवा कोणता होता? मी पुढच्या डेकवर होतो, तिथून फलक दिसत नाही. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. कप्तानाच्या जबानीत ‘सगळं बंद?’ हा प्रश्न नव्हता आणि त्याला मिळालेलं उत्तरही नव्हतं. दोऱ्याने ती चार पानं तीनदा वाचली. नव्हतंच. कप्तानाचा परवाना गेला. अहवालात त्याच्याबद्दल ‘विश्वासार्ह नाही’ असे दोन शब्द होते.

साडेदहाला तुकडी पाण्यात उतरली. केशरी पोशाखांवर पाठीला क्रमांक. पंखा सुरू केला, नळ्या सोडल्या, लाटा लावल्या, दिवे मालवले. उलटा पडलेला तराफा सरळ करायचा, आत चढायचं, शेवटी एकाने डोकी मोजून ओरडून सांगायचं. शिट्टी दोऱ्याकडे होती.

ड्रायव्हरकाका तराफ्याच्या पट्ट्याला लोंबकळून म्हणाले, “सर, हा उलटतोय की मीच उलटतोय?”

“काका, पाय काढा माझ्या तोंडातून!” कॅन्टीनवाल्या बाई त्यांच्या मागून ओरडल्या. “वीस वर्षं लोकांना जेवू घातलं, आता बूट खायची वेळ आली!”

मोजायची पाळी नवव्याची होती. कप्तान तराफ्याच्या तोंडाशी गुडघ्यावर बसला. वरून पाणी कोसळत होतं. एकेका खांद्याला हात लावत तो मोजू लागला. स्वतःसकट बारापर्यंत आला आणि थांबला. आकडा सांगितला नाही. पुन्हा पहिल्या खांद्यापासून सुरुवात केली. पुन्हा बारा. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“बारा आहेत हो,” त्या म्हणाल्या, सकाळपेक्षा वेगळ्या आवाजात. “सगळे आहेत.”

“बारा!” कप्तान ओरडला.

दोऱ्याने शिट्टी वाजवली. पाटीवर नवव्यापुढे ‘उत्तीर्ण’ लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

जेवणाच्या सुट्टीत कप्तान ताट घेऊन त्याच्या टेबलावर आला. “बसू का, सर?”

“साहेब, सर नका म्हणू.”

“इथे तू सर आहेस.” तो बसला. थोडा वेळ दोघे जेवले. “फेरीबोटीवर दोर टाकायचं काम मिळतंय. त्यासाठी हा दाखला हवा. शनिवारी मिळेल ना?”

“मिळेल. आणि परवान्याचं अपील?”

“परवा सुनावणी. वकील म्हणतो, नवीन काही असेल तर उद्या बारापर्यंत चौकशी कार्यालयात द्या. नाहीतर आहे तेच कायम.” त्याने पाण्याचा घोट घेतला. “नवीन कुठून येणार? मी परवा जाणार पण नाही.” मग ताटाकडे बघत म्हणाला, “खरं सांगू का? आताशा मला पण लालच दिसतो. डोळे मिटले की फलक समोर येतो ना, त्यात. आधी हिरवा दिसायचा. इतक्या जणांनी सांगितलं, लालच असेल. आणि चिवचिव पण होत असेल, मला ऐकू आली नसेल.”

दोऱ्याच्या ताटात भात उरला होता. तो त्याने संपवला.

“मीठ नाहीये यात,” कप्तान म्हणाला.

“नाहीये का?”

चारला तो घरी पोचला. बायको तेव्हाच आली होती. ती बोटींची ताडपत्री शिवायच्या कारखान्यात शिवण करायची आणि आल्यावर आधी हातपाय धुऊन दहा मिनिटं जमिनीवर आडवी व्हायची, पाठ मोकळी करायला. दोऱ्या तिला ओलांडून फ्रीजपाशी गेला. फ्रीजच्या दारावर लिंबू होतं. त्याच्याखाली विजेचं बिल आणि तिच्या औषधाची चिठ्ठी. त्याने लिंबू काढलं. कागद खाली पडले.

“अहो, काय करताय? ते बिल भरायचंय अजून.”

“अगं, हे आचाऱ्याचं आहे.”

“माहितीये मला. तुम्हीच सांगितलंत, आठवण म्हणून दिलं. दर रविवारी पुसते मी ते.”

“आठवण म्हणून नाही दिलं,” तो म्हणाला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डबी, आत्याबाई, दोन वाजता लावायचं, चार वाजता काढायचं, पुढचा डेक, ‘सगळं बंद’, कप्तानाची परवाची सुनावणी. सांगायला चार मिनिटं लागली. रोज वर्गात शिकवतो त्याच आवाजात सांगितलं.

ती उठून बसली होती.

“दोन वर्षं मी याच्याखाली दुधाचा हिशेब लावला,” ती म्हणाली. “आणि तुम्ही रोज सकाळी तिथे जाऊन लोकांना सांगता, दाराला हात लावा.”

“हो.”

“कसं जमतं हो तुम्हाला?”

“काही वाटत नाही मला,” दोऱ्या म्हणाला. तो खरंच तसं म्हणत होता. तक्रार नव्हती.

“वाटायची वाट बघत बसलात तर त्या माणसाची परवाची तारीख जाईल.” ती भिंतीला धरून उभी राहिली. “नोकरी जाईल तुमची.”

“जाईल.”

“जबानी पण परत उघडतील.”

“उघडतील.”

“मग कप्तानसाहेबांना आधी फोन करा. कचेरीला नंतर. पेपरातून कळायला नको त्यांना.” तिने बिल आणि चिठ्ठी उचलली, फ्रीजला लावायला काही सापडेना, तेव्हा तांदळाच्या डब्याखाली सरकवली.

कप्तानाने फोन तिसऱ्या घंटीला उचलला. मागे बसचा आवाज होता.

“साहेब, दोऱ्या बोलतोय. दिवा हिरवाच होता.”

त्याने हातातलं लिंबू उलटं केलं, चुंबकाची बाजू वर.

“डबीला चुंबक लावलेलं होतं. फ्रीजचं. मी लावलं होतं. नंतर मीच काढलं, तपासनीस यायच्या आधी. माझ्याकडे आहे.”

बसचं दार उघडल्याचा आवाज आला, मग रस्त्याचा. कप्तान उतरला असावा.

“कुणाचं चुंबक?”

“आचाऱ्याचं.”

“त्याला माहीत होतं?”

“त्यानेच दिलं.”

“हिरवा होता,” कप्तान म्हणाला. विचारत नव्हता. पुन्हा म्हणाला, “हिरवा होता म्हणजे.”

“हो साहेब.” दोऱ्याने लिंबू दुसऱ्या हातात घेतलं. “तुम्ही मला ओरडून विचारलं होतं. मी ‘सगळं बंद’ म्हणालो. ते जबानीत का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? मी पुढच्या डेकवरच्या माणसाला मागच्या दाराचं विचारलं, असं? तुला दिसत नव्हतं ते दार. मला माहीत होतं ना. सहा मिनिटं होती माझ्याकडे. एकाला मागे पाठवायचं होतं. नाही पाठवलं. दिवा बघितला.” श्वास ऐकू आला. “ते माझंच आहे, दोऱ्या. तुझ्या चुंबकाने ते जात नाही.”

“माझंही जात नाही.”

“नाही जात. मी बारा वर्षं विचारलेल्याला तू बारा वर्षं बघून उत्तर दिलंस. एकदा नाही दिलंस. आणि नंतर ते खिशात घातलंस. ते मला कळत नाहीये.”

“मलाही.”

पलीकडे कप्तान चालू लागल्याचा आवाज आला.

“उद्या खिडकी दहाला उघडते,” कप्तान म्हणाला. “ते घेऊन ये. पिशवीत घाल, नुसतं खिशात आणू नकोस. आणि जबानी दोन प्रतींत लिही, ते एक परत देतात. आचाऱ्याच्या बहिणीला मी सांगू की तू?”

“मी सांगतो.”

“आजच सांग.” फोन बंद झाला.

बहिणीचा फोन सहा मिनिटं चालला. तिने एकच विचारलं, ते चुंबक तिला परत मिळेल का. दोऱ्या म्हणाला, कचेरीने सोडलं की. मग त्याने प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुखांना फोन करून उद्याची रजा मागितली. कारण विचारलं, तेही सांगितलं. प्रमुख म्हणाले, सातच्या तुकडीचं मी बघतो, चाव्या मावशींकडे आहेत, तुम्ही कार्यालयातून थेट मला येऊन भेटा.

बायकोने कारखान्यातून आणलेल्या जाड कागदावर दोऱ्याने दोन प्रती लिहून काढल्या. मघाच्यासारखंच, खाडाखोड न करता. ती समोर बसून ओळ न् ओळ वाचत होती. एका ठिकाणी तिने बोट ठेवलं. “‘दार बंद होतं असं मी सांगितलं’ लिहिलंय तुम्ही. हात लावला नव्हता, हे पण लिहा.”

त्याने लिहिलं.

उद्या बुधवार. चौकशी कार्यालयाची तीन नंबरची खिडकी सकाळी दहाला उघडते आणि नवीन पुरावा दुपारी बारापर्यंत घेते. तलावाचं पाणी सव्वासहाला मावशी मोजेल. सात वाजता दाराचा तास नाही, तो आज झाला. उद्या आगीचा आहे.